खोटा दावा करणाऱ्याने दावाच मागे घेतला, तर आपला खर्च वसूल होतो का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडून घेतो, कारण उत्तर त्यातल्या दोन-तीन तपशिलांवरच ठरणार आहे. २०१९ ला तुम्ही नौपाड्यात रजिस्टर्ड खरेदीखताने गाळा घेतला. २०२२ ला आधीच्या मालकाच्या पुतण्याने ठाण्याच्या दिवाणी कोर्टात दावा टाकला की गाळा एकत्र कुटुंबाचा, माझा त्यात हिस्सा, खरेदीखत माझ्यावर बंधनकारक नाही. पहिल्याच तारखेला एकतर्फी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला की गाळा कुणाला भाड्याने द्यायचा नाही, त्यात तुमचा ठरलेला भाडेकरू गेला आणि गाळा आठ महिने बंद राहिला. मग निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईसाठीचा त्याचा अर्ज फेटाळला गेला, त्यावर त्याने अपीलही केलं नाही, नुसत्या तारखा घेत राहिला, आणि आता स्वतःची उलटतपासणी तोंडावर आल्यावर दावा काढून घेतो अशी पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली. तुमचे वकिलाची फी, नकला, ऐरोलीहून ठाण्याच्या चकरा धरून तीन लाखांच्या आसपास गेले, आणि तुमचे वकील म्हणतात, सुटलात ना, आता सोडून द्या.

सोडू नका. तीन लाख पूर्ण मिळतील असं मी म्हणणार नाही, साध्या दिवाणी दाव्यात ते जवळपास कधीच होत नाही आणि का होत नाही ते खाली सांगतो, पण काहीच मिळणार नाही हेही खरं नाही. मी ठाणे आणि बेलापूर दोन्हीकडे दिवाणी कामं करतो, जास्त करून प्रतिवादीकडून, आणि बघत आलोय की खर्च बुडतो तो कायदा तोकडा आहे म्हणून तर बुडतोच, पण त्याहून जास्त वेळा कुणी तो वेळेत, लेखी मागितलेलाच नसतो म्हणून बुडतो. दावा निकाली निघाला, फाईल बंद झाली, मग दोन महिन्यांनी माणूस विचारत येतो की साहेब आता खर्चाचं काय, तेव्हा खरंच हातात फार काही उरलेलं नसतं. तुमची पुरसिस अजून पेंडिंग आहे ही तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून पुढची तारीख यायच्या आत काय करायचं तिथून सुरुवात करतो.

आधी पुरसिसची नक्कल घ्या आणि एक ओळ शोधा, त्याने "नवीन दावा दाखल करण्याचा हक्क राखून" असं काही लिहिलंय का. सिव्हिल प्रोसिजर कोडच्या ऑर्डर २३ रूल १ मध्ये दोन वेगळे रस्ते आहेत. हक्क राखून मागे घ्यायचा असेल तर कोर्टाची परवानगी लागते, दाव्यात काही तांत्रिक दोष होता किंवा तसंच पुरेसं कारण आहे हे त्याला दाखवावं लागतं, आणि कोर्ट त्यावर अटी घालू शकतं, म्हणजे आधी प्रतिवादीचा खर्च दे मग परवानगी, अशीसुद्धा. इथे तुम्ही लेखी हरकत घ्यायचीच, कारण निशाणी ५ हरल्यावर आणि उलटतपासणी टाळण्यासाठी मागे घेणं हा काही तांत्रिक दोष नाही. आणि बिनशर्त मागे घेत असेल तर त्याच विषयावर त्याला परत दावा आणता येत नाही, आणि त्याच रूलमध्ये सरळ लिहिलंय की कोर्ट ठरवेल तो खर्च द्यायला तो जबाबदार राहील. म्हणजे दोन्ही रस्त्यांवर खर्चाचा विषय कायद्यानेच उघडा ठेवलाय, फक्त तो कुणीतरी बोलून दाखवावा लागतो.

प्रत्यक्षात काय होतं तर पुरसिस पुढे येते, बोर्डावर ढीगभर कामं असतात, वादीचा वकील म्हणतो दावा चालवायचा नाही, प्रतिवादीचा वकील म्हणतो हरकत नाही, आणि दोन ओळींचा आदेश होतो, दावा काढून घेतल्याने निकाली, खर्चाबाबत आदेश नाही. ती "हरकत नाही" महाग पडते. त्याऐवजी पुरसिसवर "म्हणणे", म्हणजे तुमचं लेखी उत्तर, द्या की दावा मागे घ्यायला विरोध नाही पण खर्च आणि भरपाईच्या अर्जावर आदेश झाल्यावरच, आणि त्याच दिवशी तो वेगळा अर्ज दाखल करा. याच कोडचं कलम ३५ म्हणतं की खर्च साधारणपणे हरणाऱ्यावर पडतो, आणि कोर्टाला तसं करायचं नसेल तर त्याची कारणं लेखी द्यावी लागतात. ही कारणं देण्याची अट अर्जात अधोरेखित करून लिहा, मी नेहमी लिहितो, कारण मग "खर्चाबाबत आदेश नाही" एवढ्यावर काम भागत नाही.

आता तुमची कैफियत, म्हणजे दाव्याला तुम्ही दिलेलं लेखी उत्तर, काढा. आपल्याकडच्या बहुतेक मराठी कैफियतींच्या शेवटी "सबब दावा खर्चासह रद्द करण्यात यावा" असतंच, पण तुम्हाला बघायचंय की त्यात कुठे दावा खोटा आणि त्रास देण्याच्या हेतूने केला आहे, आणि हे वादीला माहीत होतं, असं म्हटलंय का. कलम ३५अ ची भरपाई त्यावर अवलंबून आहे. ज्याच्यावर दावा झाला त्याने ही हरकत घेतलेली हवी, आणि मग तो दावा फेटाळला जाऊ दे किंवा सोडून दिला जाऊ दे किंवा मागे घेतला जाऊ दे, तिन्ही प्रसंगी कोर्ट कारणं नोंदवून भरपाई देऊ शकतं. मागे घेतला की ३५अ संपलं असा समज वकिलांतसुद्धा आहे, कलमाचे शब्द वाचले की तो टिकत नाही. कैफियतीत ती हरकत नसेल तर आत्ताच्या अर्जात घ्या, उशिरा घेतली असं समोरचा म्हणेल, म्हणू दे, पण दावा निकाली निघायच्या आत रेकॉर्डवर आली पाहिजे.

पण ३५अ मध्ये पैसा किती? जास्तीत जास्त ३,००० रुपये. हजारांऐवजी लाख लिहायचे राहिले असं वाटेल, तसं नाही, तीन हजारच. ही मर्यादा १९७६ च्या दुरुस्तीने आली, त्याआधी १,००० होती, आणि साध्या दिवाणी दाव्यांना ती आजही तशीच लागू आहे. तुमचे वकील सोडा म्हणतात त्यामागे हेच आहे, तीन हजारांसाठी कोण अर्जाचा खटाटोप करणार. मी त्यांना दोष देत नाही, पण माझं मत वेगळं आहे, कारण ३५अ चा आदेश देताना कोर्टाला दावा खोटा किंवा त्रासदायक होता हे कारणांसकट लिहावं लागतं, आणि उद्या पुतण्याच्या जागी त्याचा भाऊ किंवा आतेबहीण उभी राहिली, किंवा गाळ्यावर लोन काढताना बँकेच्या वकिलाने जुना दावा बघून नाक मुरडलं, तर ते वाक्य तुमच्या कामाला येतं. एक सावधगिरी, ३५अ चा अर्ज नाकारला तर त्यावर अपील नाही, कलम १०४ मध्ये अपील फक्त ज्याच्यावर भरपाई बसली त्याला आहे, म्हणून जी संधी आहे ती याच कोर्टात, एकदाच.

तीन लाख का मिळत नाहीत तेही समजून घ्या, नाहीतर पुढची बोलणी तुम्ही चुकीच्या आकड्यावर कराल. हुकूमनाम्याखाली, म्हणजे दाव्याच्या अंतिम आदेशाखाली, कार्यालय जो खर्चाचा तक्ता तयार करतं त्यात स्टॅम्प, समन्सची फी, साक्षीदाराचा भत्ता, नकला, नोटिशीचा खर्च अशा गोष्टी येतात आणि वकिलाची फी येते ती नियमांतल्या दराने, तुम्ही प्रत्यक्ष दिली ती नाही. दोन आकड्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या केसमध्ये सांगितलं होतं की खर्च प्रत्यक्ष आणि वाजवी असला पाहिजे, त्यात जिंकणाऱ्याचा गेलेला वेळ, प्रवास, वकील फी सगळं धरावं, आणि हायकोर्टांनी त्याप्रमाणे नियम करावेत. २०११ च्या रामरामेश्वरी देवी केसमध्येही खोट्या दाव्यांना आळा घालायचा तर वास्तववादी खर्च लावा असं सांगितलं. पण त्याच वर्षी संजीव कुमार जैनच्या केसमध्ये, जिथे दिल्ली हायकोर्टाने हरलेल्या बाजूवर ४५ लाखांहून जास्त खर्च लावला होता, सुप्रीम कोर्टानेच तो आदेश रद्द केला, म्हणाले सध्याच्या कलमांत आणि नियमांत बसेल तेवढाच खर्च लावता येतो, बदल हवा असेल तर तो संसदेने आणि नियम करणाऱ्यांनी करायचा. ३५अ ची मर्यादा एक लाखापर्यंत न्यावी असंही त्यात सुचवलं, २०१२ च्या लॉ कमिशनच्या २४० व्या अहवालातही तीच शिफारस आहे, आणि २०१४ मध्ये सहारा प्रकरणात कोर्टाने सक्तीच्या खर्चाचा कायदाच करा असं सुचवलं. साध्या दाव्यांसाठी काही झालं नाही. मला याचा मनापासून राग येतो, कारण कोर्टाची पायरी पहिल्यांदाच चढलेला माणूस निर्दोष सुटून घरी जातो आणि त्याच्या मुलीच्या शिक्षणाचे पैसे मात्र गेलेले असतात, आणि ज्याने हे केलं त्याला तीन हजारांच्या वर भीती नाही.

म्हणून तुमच्या प्रकरणात खरा दरवाजा कलम ९५ आहे, आणि तो बहुतेकांना आठवतच नाही. दाव्यात तात्पुरता मनाई हुकूम मिळवला गेला आणि तो पुरेशा कारणाशिवाय मागितला होता असं कोर्टाला दिसलं, किंवा दावा फसला आणि तो करायलाच वाजवी कारण नव्हतं असं दिसलं, तर प्रतिवादीच्या अर्जावर कोर्ट ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई देऊ शकतं, झालेला खर्च आणि नुकसान दोन्हींसाठी, बदनामी धरून. आधी ही मर्यादा हजार रुपये होती, १९९९ च्या दुरुस्तीने पन्नास हजार झाली. तुमच्या अर्जात पहिल्या कारणावर जोर द्या, कारण दावा मागे घेणं म्हणजे "फसणं" होतं का यावर समोरचा वाद घालत बसेल, पण मनाई पुरेशा कारणाशिवाय मागितली होती हे दाखवायला तुमच्याकडे निशाणी ५ चा आदेश आहे. तो आदेश नीट वाचा, त्यात कोर्टाने म्हटलं असेल की वादीने एकत्र कुटुंबाचा कागद दाखवला नाही, की वाटणीची गोष्ट लपवली, की खरेदीनंतर तीन वर्षं गप्प बसला, ते परिच्छेद जसेच्या तसे अर्जात उतरवा. आणि नुकसानाचा पुरावा जोडा, भाडेकरूशी झालेला लीव्ह अॅण्ड लायसन्सचा ड्राफ्ट, त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज, टोकन परत केल्याची बँक एंट्री, त्या आठ महिन्यांत सोसायटीला भरलेला मेंटेनन्स. नुसतं "माझं खूप नुकसान झालं" यावर कोर्ट काही देत नाही, देऊही नये.

पण ९५ चा अर्ज करण्याआधी एक गणित करा. ९५ खाली अर्जावर निर्णय झाला की त्याच मनाईबद्दल वेगळा नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही, कलमातच तसा अडसर आहे. म्हणजे गाळ्याचं भाडं महिना पंचवीस हजार धरलं तर आठ महिन्यांचं नुकसान दोन लाख, आणि ९५ मध्ये वरची मर्यादा पन्नास हजार. दोन लाखांसाठी वेगळा दावा करायचा तर लिमिटेशन अॅक्टच्या आर्टिकल ९० प्रमाणे मनाई संपल्यापासून तीन वर्षं मिळतात, दावा संपल्यापासून नाही, हे घोळात घालू नका. निशाणी ५ कधी फेटाळली ती तारीख आजच रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्या कोर्टाच्या नोंदीत, बघा, कदाचित मुदत अगदी जवळ आली असेल. आणि त्या वेगळ्या दाव्यात तुम्ही वादी, कोर्ट फी तुमच्या खिशातून, त्याने मनाई दुष्ट हेतूने आणि वाजवी कारणाशिवाय मिळवली हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर, आणि परत काही वर्षं ठाण्याच्या चकरा. नुसता खोटा दिवाणी दावा केला म्हणून, मनाई किंवा जप्ती काही झालेलंच नसताना, भरपाईचा दावा आपल्याकडे सहसा टिकत नाही, कोर्ट म्हणतं त्याला उपाय खर्च हाच आहे. तुमच्याकडे मनाई आहे म्हणून हा पर्याय तरी आहे. तुमच्या आकड्यांवर मी ९५ च निवडेन, पन्नास हजार आत्ता आणि याच फाईलमध्ये. नुकसान दहा-पंधरा लाखांचं असतं तर सल्ला उलटा दिला असता.

मग संपूर्ण रोजनामा पहिल्या पानापासून वाचा, किंवा वकिलांच्या ज्युनियरकडून वाचून घ्या. त्याने इतक्या तारखा घेतल्यात म्हणजे मध्ये कुठेतरी "२०० रुपये कॉस्टवर अर्ज मंजूर", "५०० रुपये कॉस्ट" असे आदेश झालेले असणार, आणि ते भरले गेले का हे बहुधा कुणी तपासलेलं नसतं. कलम ३५ब प्रमाणे लांबण लावल्याबद्दल लावलेला खर्च पुढच्या तारखेला भरला नाही तर त्या बाजूला पुढे काम चालवता येत नाही, आणि न भरलेल्या रकमेचा वेगळा आदेश काढून वसुली करता येते. या रकमा छोट्या असतात पण त्यांचा तक्ता अर्जासोबत लावला की वादी कसा वागला हे न्यायाधीशांना एका नजरेत दिसतं.

आता बोलणी. माझ्या अनुभवात अशा प्रकरणात जी काही बऱ्यापैकी रक्कम येते ती आदेशातून कमी आणि आदेशाच्या भीतीतून जास्त येते. पुतण्याला आत्ता दोन गोष्टी हव्यात, उलटतपासणीला उभं राहायचं नाही, आणि दावा खोटा होता असं काही लिहून घ्यायचं नाही. तुमचे दोन अर्ज दाखल झाले की त्याच्या वकिलाला कळतं की हे काम आता एका तारखेत मिटत नाही. त्या वेळी तुमच्या वकिलांनी शांतपणे सांगावं की अमुक रक्कम डिमांड ड्राफ्टने कोर्टात द्या, आम्ही ३५अ आणि ९५ चे अर्ज चालवत नाही, तडजोड पुरसिस करू. किती मागायची? ९५ चे पन्नास हजार, तक्त्यातला नियमाचा खर्च आणि राहिलेल्या कॉस्ट यांच्या बेरजेच्या आसपास धरलं तर माणूस ऐकतो, तीन लाख मागितले तर तो म्हणेल जा मग कोर्टातूनच घ्या. ड्राफ्ट हातात आल्याशिवाय पुरसिसवर सही नाही, "पुढच्या महिन्यात देतो" यावर तर अजिबातच नाही. तडजोडीत हेही लिहून घ्या की दावा बिनशर्त संपला, गाळ्यात त्याचा कसलाही हक्क नाही, आणि त्याने सब-रजिस्ट्रारकडे लिस पेंडन्सची, म्हणजे गाळ्यावर दावा चालू असल्याची, नोटीस रजिस्टर केली असेल तर ती स्वखर्चाने काढून देईल.

खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल फौजदारी करू का, हे पण तुम्ही विचारलंय. कोर्टात अप्रामाणिकपणे खोटा दावा करणं गुन्हा आहेच, जुन्या आयपीसीचं २०९, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या कृत्यांना बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) २४६, पण तुम्ही पोलिस स्टेशनला जाऊन ती तक्रार देऊ शकत नाही, त्याच कोर्टाकडे अर्ज करायचा, पूर्वीचं सीआरपीसीचं कलम ३४०, आता बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) ३७९, आणि कोर्टाला न्यायाच्या हिताचं वाटलं तरच कोर्ट तक्रार करतं. त्यात तुम्हाला एक रुपयाही मिळत नाही. त्याने बनावट कागद हजर केला असेल तर जरूर करा, पण नुसतं पैसे काढण्यासाठी धाक म्हणून हा अर्ज वापरू नका, तडजोडीच्या बोलण्यात तर त्याचं नावही काढू नका, उद्या तोच म्हणेल मला धमकावून पैसे घेतले.

काही जण तुम्हाला सांगतील की कमर्शियल कोर्टात पूर्ण खर्च मिळतो. खरं आहे, पण तुमच्या दाव्याला ते लागू होईल असं मला वाटत नाही. २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स अॅक्टने व्यापारी वादांपुरतं कलम ३५ नव्याने लिहिलं, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची वाजवी वकील फी आणि खर्च द्यायचा हा नियमच केला, कोण कसं वागला, समोरून आलेली वाजवी तडजोड धुडकावली का, हे बघायला सांगितलं, आणि ३५अ वरची तीन हजारांची मर्यादा काढून टाकली. पण त्यासाठी वाद व्यापारी व्यवहारातून आलेला लागतो. धंद्यासाठी वापरात असलेल्या जागेच्या कराराचा वाद त्यात येऊ शकतो, पण पुतण्याचा दावा एकत्र कुटुंबातल्या हिश्शाचा आहे, तुमच्याशी झालेल्या कराराचा नाही. ज्यांचं महापे, रबाळे, वागळे इस्टेटला युनिट आहे आणि कुणी माल खराब निघाला म्हणून तीन लाखांच्या वरचा खोटा दावा लावलाय त्यांनी मात्र हे नीट वापरावं, फीच्या बिलांसकट खर्चाचं स्टेटमेंट युक्तिवादाआधी दाखल करावं, आणि लक्षात ठेवावं की तिथे कैफियतीला समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांच्या पुढे एक दिवसही मिळत नाही, खर्च मागायची गोष्ट दूरच, बचावच जातो. आर्बिट्रेशनमध्येही, म्हणजे लवादातही, त्या कायद्याच्या कलम ३१अ खाली जवळपास असाच नियम आहे, आणि खर्च कुणी सोसायचा हे आधीच करारात लिहून ठेवलेलं कलम तिथे चालत नाही, वाद उभा राहिल्यानंतर केलेला करारच चालतो.

ज्यांना समन्स नुकतंच आलंय आणि हे वाचतायत त्यांच्यासाठी थोडं लिहितो. सगळ्यात जास्त पैसा वाचतो तो दावा लवकर संपवण्यात. दाव्याला कारणच घडलेलं नसेल, मुदत उलटून गेली असेल, कायद्याने तो बसतच नसेल, तर ऑर्डर ७ रूल ११ चा, म्हणजे दावा सुरुवातीलाच फेटाळा असा, अर्ज कैफियतीच्या आधी किंवा सोबत द्या. १९७७ च्या अरिवंदंदमच्या केसमध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ट्रायल कोर्टांना सांगितलं होतं की दावा नुसता वरवर न वाचता अर्थ लावून वाचा, चलाखीने रचलेला भ्रम असेल तर सुरुवातीलाच खुडून टाका. पण हा अर्ज फक्त वादीच्या दाव्यावर आणि त्याच्या कागदांवर ठरतो, तुमच्या बचावावर नाही, म्हणून तो बसत नसताना उगाच देऊन वर्ष घालवू नका. वादी परदेशात राहत असेल आणि दाव्यातली मिळकत सोडून इथे त्याची पुरेशी स्थावर मिळकत नसेल तर ऑर्डर २५ खाली खर्चासाठी सिक्युरिटी मागा, घणसोली-खारघरच्या कितीतरी फ्लॅटच्या भांडणांत एक भाऊ दुबईत किंवा अमेरिकेत असतो आणि हे कुणी मागत नाही. तुमचं स्वतःचं काही मागणं असेल तर प्रतिदावा करा, कारण वादीने उद्या दावा काढून घेतला तरी प्रतिदावा चालू राहतो आणि त्याला सहज पळता येत नाही. आणि वकिलाची फी यूपीआय किंवा चेकनेच द्या, प्रत्येक वेळी पावती घ्या. रोख दिलेले पैसे कुठल्याच अर्जात सिद्ध होत नाहीत.

फौजदारी खोटी केस असेल तर कलमं वेगळी आहेत. मॅजिस्ट्रेटला केस सोडून देताना आरोपाला वाजवी कारणच नव्हतं असं वाटलं तर बीएनएसएस २७३ खाली तक्रारदाराकडून भरपाई देता येते, मॅजिस्ट्रेटला जेवढा दंड करायचा अधिकार आहे तेवढ्यापर्यंत. दुष्ट हेतूने चालवलेल्या खटल्याबद्दल वेगळी नुकसानभरपाई मागायची मुदत सुटकेपासून फक्त एक वर्ष आहे, ही मुदत लोक सर्रास घालवतात. आणि एखादा माणूस सवयीने सगळ्यांवर केसेस टाकत सुटला असेल तर महाराष्ट्रात १९७१ चा व्हेक्सेशियस लिटिगेशन प्रतिबंधक कायदा आहे, अॅडव्होकेट जनरलच्या अर्जावर हायकोर्ट अशा माणसाला परवानगीशिवाय नवीन केस करायला बंदी घालू शकतं. तुमच्या पुतण्याचा एकच दावा आहे, तिथवर जायची गरज नाही.

आदेश झाला आणि त्याने पैसे दिले नाहीत तर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, करावी लागते. खर्चाचा आदेश हुकूमनाम्यासारखाच वसूल होतो, मुदत बारा वर्षं आहे, बँक खातं जप्त करता येतं, नोकरी असेल तर पगाराचा कायद्याने परवानगी असलेला भाग. त्यासाठी त्याचं खातं कुठल्या बँकेत, नोकरी कुठे, हे तुम्हालाच सांगावं लागतं. दाव्याच्या कागदांत, त्याने जोडलेल्या पासबुकात, पॅनच्या झेरॉक्समध्ये ही माहिती बऱ्याचदा सापडते, ती पानं आत्ताच बाजूला काढून ठेवा. पन्नास-साठ हजारांसाठी दरखास्त परवडते, तीन हजारांसाठी नाही, म्हणून ड्राफ्ट आधी, सही नंतर.

आता तारखेच्या आधीचं काम, वकिलांना भेटून पुरसिसवरचं म्हणणं, ३५ आणि ३५अ चा अर्ज, ९५ चा अर्ज आणि रोजनाम्यातल्या कॉस्टचा तक्ता असे चार कागद तयार ठेवायला सांगा. ते तयार नसतील तर लेखी कळवा की मला हे अर्ज द्यायचे आहेत, अशील तुम्ही आहात, निर्णय तुमचा. तारखेला स्वतः हजर राहा, पहिल्या हाकेलाच, कारण पुरसिस सकाळीच घेऊन दहा मिनिटांत काम मिटवून टाकतात. आदेश झाला की त्याच दिवशी सर्टिफाइड नक्कलेचा अर्ज करा. आणि त्या घरातल्या ज्या ज्या नातेवाईकांची नावं दाव्यातल्या वंशावळीत आहेत त्यांच्याविरुद्ध ठाण्याच्या कोर्टात कलम १४८अ ची कॅव्हेट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय आदेश करू नका अशी आगाऊ सूचना, टाका, ती नव्वद दिवस चालते, मग संपायच्या आत परत टाकायची, म्हणजे निदान या वेळेस तुम्हाला न ऐकता कुणाला मनाई मिळणार नाही.